पाण्याखालच्या गावाची मोजणी

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा बायको हसली. म्हणाली, "तुमच्या नोकरीत गंमत होती कुठे? सकाळी साखळी घेऊन जायचे आणि संध्याकाळी दोन भावांचं भांडण घेऊन यायचे." तिचं खोटं नाही. मी भूमापक होतो, चौतीस वर्षं. लोक आम्हाला मोजणीदार म्हणतात, पाठीमागे आणखीही बरंच काही म्हणतात.

ज्यांचा शेतीशी संबंध सातबाऱ्याच्या झेरॉक्सपुरता आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जमीन कोणाची, हे पटवारी सांगतो. ती कुठे संपते, हे मी सांगतो. कागदावर प्रत्येक शेताच्या रेघा असतात, प्रत्यक्षात त्या रेघांच्या टोकांना दगड पुरलेले असतात. दोन वावरांच्या मधल्या पट्टीला तिकडे पश्चिमेत बांध म्हणतात, आम्ही धुरा म्हणतो. कागदावरची रेघ आणि जमिनीवरचा धुरा यांचं जमवून देणं, एवढंच आमचं काम. पण माणूस बायकोवर रुसला तर दोन दिवस रुसतो आणि वीतभर धुऱ्यासाठी रुसला तर दोन पिढ्या. म्हणून आमच्या पिशवीत नकाशा, हातोडी, खुंट्या आणि डोकेदुखीची गोळी कायम असायची.

आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात कारकुनी करायला नागपुरात आलं आणि महालातच राहिलं. कागदावर लिहिलेलं ते खरं, हे आमच्या रक्तातच आहे. माझे मेहुणे गांधीबागेत कापडाचे व्यापारी. ते नेहमी चिडवायचे की कापड मोजताना गज सरकतो, तसा तुमचाही सरकत असेल. मी म्हणायचो, माणूस सरकतो, नकाशा सरकत नाही. हे वाक्य मी इतक्या वावरांमध्ये उभं राहून म्हटलं आहे की शेवटी शेवटी साखळी धरणारा माझा चेनमन बळीरामच ते माझ्या आधी म्हणून टाकायचा.

नागपूरच्या माणसाने किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या गोष्टी सांगाव्यात, हे हास्यास्पद वाटेल. आम्हाला समुद्र म्हणजे लग्नानंतर एकदा जाऊन फोटो काढायची जागा. पण माझ्या नोकरीची शेवटची वर्षं किनाऱ्यावरच गेली. नागपूरहून उमरेड, भिवापूर असं पुढे जात राहिलं, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या मिरच्यांचा ठसका नाकात बसला, की थोड्याच वेळात झाडी संपते आणि समोर पाणीच पाणी येतं. वैनगंगेच्या खोऱ्यात धरण झालं आणि त्याचं पाणी मागे मागे सरकत शेतांवर, गावांवर पसरलं. पलीकडचा काठ सकाळी दिसत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं येतात, मासेमारी करणाऱ्या धिवरांचे डोंगे त्यांच्यामधून सावकाश जातात. पाण्यात वाळलेली झाडं उभी आहेत, त्यांच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. इतकं देखणं दृश्य मी आमच्या भागात दुसरीकडे पाहिलेलं नाही. पहिल्या दिवशी मी बळीरामला तसं म्हटलंही.

"देखणं हाये, सायब," तो म्हणाला. "पन तिथं झाड उभं हाये ना, ते कोनाच्या तरी आंगनातलं हाये."

पाणी उन्हाळ्याकडे उतरू लागलं की काठाची जमीन उघडी पडते. वर काळाभोर गाळ, खत घालायची गरज नाही. त्या जमिनीचे तुकडे पाडून ज्यांची शेतं बुडाली त्यांना एका हंगामापुरते पेरायला देतात. त्याला गाळपेर म्हणतात. दरवर्षी पाणी जितकं उतरेल तितके तुकडे पाडायचं काम माझ्याकडे होतं. मी ज्या वर्षाबद्दल सांगतो आहे, त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि पाणी नोव्हेंबरातच इतकं खाली गेलं की कोसंबघाट वर आलं.

कोसंबघाट हे बुडालेलं गाव. गावातली माणसं कोसभर लांब वसवलेल्या नव्या गावठाणात राहत होती. तिथे घरांना नंबर होते आणि रस्ते काटकोनात होते. जुन्या कोसंबघाटच्या वसण्याची हकिगत मला तुळशीरामने सांगितली. हा सत्तरीचा शेतकरी, अंगाने वाळका, बोलायला मोजका. मराठ्यांच्या काळात कोण्या मालगुजाराने नदीपलीकडून नऊ घरं आणली, कोसंबाची झाडं तोडून पहिली वावरं काढली. आधी आलेल्याचं घर नदीकडे, नंतर आलेल्याचं मागे. मग तलाव बांधण्यात वाकबगार असलेले कोहळी आले, त्यांनी तलाव बांधला, धिवर घाटावर आले. "आमच्यात अजून इचारते, तू नदीकडचा का मांगचा," तुळशीराम म्हणाला. "नदी आता सगळ्यायच्या डोक्यावरून गेली, तरी इचारते."

उघड्या पडलेल्या गावात पाहण्यासारखं काही नव्हतं. मातीच्या भिंती पाण्यात विरघळून गेल्या होत्या, लाकूड आणि छपरावरचे कवेलू लोकांनी जातानाच उचलून नेलं होतं. सपाट काळा गाळ, त्यावर तडे, कुठे एखादा शिंपला. मी तिपाई लावली, यंत्राला डोळा लावला आणि गावाच्या बाजूला पाहू लागलो. दुपारची वेळ होती. नव्या गावठाणातून माणसं आपापला तुकडा पाहायला येत होती. मोकळ्या मैदानातून माणूस सरळ चालतो. ही माणसं सरळ चालत नव्हती. वीस पावलं आली की उजवीकडे वळत, मग थोडं पुढे जाऊन डावीकडे. मागून येणाराही नेमका तिथेच वळे. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई सपाट गाळात मध्येच थांबली, मान खाली घालून वाकली, दोन पावलं वाकूनच गेली आणि पुन्हा ताठ झाली.

मी यंत्रावरचा डोळा काढला. तिच्या आसपास वाकायला लावेल असं काहीही नव्हतं.

"बळीराम, ती बाई वाकली का रे?"

"दरवाजा ठेंगना असन," तो म्हणाला आणि साखळीची गुंतागुंत सोडवत बसला.

त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो. यंत्रातून पाहताना आवाज येत नाही, माणसं फक्त हलताना दिसतात. ओठ हलत होते, हात हलत होते आणि सगळेजण नसलेल्या भिंतींना वळसे घालत माझ्याकडे येत होते.

तुकडे वाटताना तर कहर झाला. मी कागदावर सरळ चौकोन आखले होते. एक गृहस्थ आले, म्हणाले, माझ्या न्हाणीवर दुसरा पेरणार आहे, मला पाहवत नाही, अदलाबदल करा. दुसऱ्याला तुकडा मिळाला तो एका विधवेच्या स्वयंपाकघरावर. त्याने त्या बाईला नव्या गावठाणातून बोलावून आणलं, गाळात नारळ ठेवला आणि हात जोडून म्हणाला, "काकू, तुमची चूल उचला, मंग मी पेरतो." त्या बाईनं खरोखर खाली वाकून दोन्ही हातांनी काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि रिकामे हात पदराखाली धरून ती निघून गेली. मी कारकुनाच्या जातीचा माणूस. असल्या गोष्टींसाठी नमुन्यात रकाना नसतो. मी मनात हसत होतो, पण कोणाच्या देखत हसायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं पडलं. हाताचा पंजा दिसत नव्हता. आदल्या दिवशी ठोकलेल्या एका खुंटीकडे मला जायचं होतं. दिशा पक्की माहीत होती, अंतर दीडशे पावलं. मी सरळ चालत गेलो. खुंटी सापडली, थोडं आश्चर्यही वाटलं की दीडशेच्या जागी दोनशे दहा पावलं कशी झाली. नऊच्या सुमारास धुकं उठलं आणि मी मागे वळून पाहिलं. ओल्या गाळात माझ्या बुटांचे ठसे स्वच्छ उमटले होते. मी वीस पावलं चाललो होतो, उजवीकडे वळलो होतो, मग डावीकडे.

यावर माझ्याजवळ उत्तर आहे. गल्लीतली जमीन पिढ्यानपिढ्या तुडवलेली, ती खालून टणक. घरांच्या जागी भिंतींची माती विरघळलेली, तिथे पाय रुततो. न पाहता चालणारा पाय टणक जमीन शोधतो. असं मी बळीरामला समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर हाये, सायब. पन आता तुमी भी गावचेच झाले."

त्याच सकाळी गिरजाबाई आली.

पंच्याहत्तरीची बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऊन-सावली तेवढी कळायची. सोबत कोणी नव्हतं, हातात काठीही नव्हती. नव्या गावठाणातून एका बैलगाडीत बसून आली होती. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, "मोजनीवाले सायब तुमीच काय?"

"मीच, मावशी. तुमचा तुकडा कोणता?"

"मले तुकडा नाही पायजे. माही पोट्टी हाये इथं."

आधी मला कळलंच नाही. मग तिने सांगितलं. चार महिन्यांची मुलगी, तापात गेली. पन्नास वर्षं होऊन गेली असतील. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. तिच्या नवऱ्याने, दौलतने, आपल्या वावरात धुऱ्याच्या दगडाजवळ पुरलं. "दगडाच्या अलीकडं, दगड उशाशी ठेवून," ती म्हणाली. गाव बुडालं तेव्हा वर पाणी आलं म्हणून ती निश्चिंत होती. पाण्याखाली कोणी नांगर घालत नाही. पण आता जमीन उघडी पडली होती, आणि उद्या तिथे ट्रॅक्टर फिरणार होता. "तेवढी चार हात जागा सोडून द्या, सायब. बाकी सगळं पेरा. मले दुसरं काई नको."

मला त्या बाईची फार कणव आली. आणि खरं सांगायचं तर उत्साहही आला. अशी विनंती आपल्या विद्येच्या जोरावर पुरी करता येणार, याचा उत्साह. मी म्हटलं, "मावशी, काळजी नको. दगड गाळात गेला असला तरी कागदावर आहे. मी जागा काढून देतो." वरच्या टेकाडावर तीन गावांच्या शिवेवरचा दगड शाबूत होता. जुना नकाशा माझ्याजवळ होता. त्या दगडावरून मापं घेत खाली आलो, यंत्राने एकदा, साखळीने एकदा. दोन्हींत चार बोटांचाही फरक नव्हता. धुऱ्याच्या दगडाची जागा निघाली. बळीरामने तिथे काठी रोवली.

तोवर आजूबाजूला माणसं जमली होती. तो भाग यंदा तुळशीरामच्या तुकड्यात आला होता. त्याचं जुनं वावरही दौलतच्या वावराला लागूनच होतं, धुरा दोघांचा एक. तो साखळीचं दुसरं टोक धरून उभा होता. त्याचे दोन भाचे होते, ट्रॅक्टर ठरवणारा माणूस होता.

मी हाक मारली, "मावशी, या. इकडे."

ती आली नाही. ती गावाच्या बाजूला गेली. नदीकडच्या रांगेतलं पहिलं घर जिथे असावं, तिथे जाऊन उभी राहिली. उंबरठा ओलांडताना उचलतात तसं तिने पाऊल उचललं आणि चालू लागली. ओठांत मोजत होती. दोन वळणं घेतली, एका जागी पदर डोक्यावर ओढून घेतला. तिथे देऊळ असणार, बळीराम कुजबुजला. मग गाव संपलं, वावरं सुरू झाली, तिची चाल बदलली. खाचखळग्यांतून चालते तशी ती सपाट गाळात पाय टाकत आली. काहीच न दिसणारी ती म्हातारी आमच्या सगळ्यांच्या मधून, कोणालाही धक्का न लावता, पुढे गेली. आणि थांबली. माझ्या काठीपासून आठ पावलं पलीकडे, तुळशीरामच्या वावरात.

"इथं," ती म्हणाली.

पाण्यावरून वारा येत होता.

मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "मावशी, जागा इकडे आहे. तुम्ही आठ पावलं पुढे गेलात."

"इथंच हाये, सायब."

"मावशी, ते दुसऱ्याचं वावर झालं. दगड इथे आहे, मी दोनदा मोजला. माणसाची पावलं चुकतात. नकाशा सरकत नाही."

तिने मान माझ्याकडे वळवली. ते दुधाळ डोळे माझ्या चेहऱ्यावर स्थिरावले नव्हते, माझ्या खांद्यावरून तुळशीराम उभा होता तिकडे लागले होते. साखळीचं कडं त्याच्या हातात वाजलं. मला वाटलं, ती हट्ट करील, रडेल. तशी तयारी मी ठेवली होती.

"सायब मनते तं तसंच असन," ती हळूच म्हणाली. आठ पावलं मागे आली आणि माझ्या काठीशी बसली.

मी तिच्याभोवती चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली. कागदावर तेवढी जागा पेरणीतून वगळली, स्वतःच्या जबाबदारीवर. नोकरीत इतकं समाधान क्वचित मिळालं होतं. तुळशीरामला मी विचारलं, "तुमची काही हरकत?" तो म्हणाला, "माही काय हरकत राहीन, सायब?" आणि लगेच दुसरीकडे पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. गिरजाबाई आली नव्हती. मी काठावरच्या तुकड्यांवर काम करत होतो. खण्णकन आवाज आला आणि ट्रॅक्टर थांबला. नांगराला दगड लागला होता. तुळशीराम धावत गेला, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला. मीही गेलो. गाळ बाजूला केलेला होता, त्यातून दगडाचं डोकं वर आलं होतं. त्यावर छिन्नीने कोरलेली फुली होती. आमच्या खात्याची फुली. मी ती हजार दगडांवर पाहिली आहे.

तो दगड माझ्या खुंट्यांपासून आठ पावलं पलीकडे होता. म्हातारी थांबली होती तिथे.

दगड चालत नाहीत. नकाशा बरोबर होता, माप बरोबर होतं, पण दगड आपल्या जागी नव्हता. कोणीतरी तो उचलून शेजाऱ्याच्या वावरात आठ पावलं आत नेला होता. असं कोण करतं, ते चौतीस वर्षांच्या अनुभवानंतर मला कोणी सांगायला नको. ज्याचं वावर वाढतं तो करतो. दौलतने धुरा सरकवला होता. आणि त्या सरकवलेल्या दगडाशी मुलगी पुरली होती. बाईची पावलं अचूक होती. मी तिला कागद दाखवून खोटं ठरवलं, आणि ज्या चार हात जागेसाठी ती आली होती, तिच्यापाशी माझ्यासमोर ट्रॅक्टर उभा होता.

काय बोलणार? बोललो तर तुळशीरामसमोर तिच्या मेलेल्या नवऱ्याला चोर म्हणावं लागलं असतं. "दगड आहे, सांभाळून," एवढंच म्हणून मी निघून आलो. मागे ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

पुढचे दोन महिने मला झोप नीट लागली नाही. घरी जेवताना मध्येच वाटायचं की मी सरळ बसलेलो नाही, कशाला तरी वळसा घालून बसलो आहे. बायको म्हणाली, कोणत्या गावचं पाणी बाधलं तुम्हाला? मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईला जाऊन सांगा. चूक केली तर माणसानं तोंडावर सांगावं."

जानेवारीत पीकपाहणीच्या निमित्ताने मी गेलो. तुळशीरामने जवस पेरली होती. ज्यांनी फुललेली जवस पाहिली नाही त्यांना कसं सांगू? सकाळच्या वेळी सगळं वावर निळं होतं, आणि त्याच्या पलीकडे पाणी निळं, त्यामुळे वावर कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. मोजणीदारालाही कळेना. त्या निळ्याच्या मधोमध एक काळा डाग होता. चार हात रुंद, सहा हात लांब. तिथे एकही रोप नव्हतं. डागाच्या एका टोकाला फुलीचा दगड होता.

तुळशीराम धुऱ्यावर बसला होता. मी त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो. बोट दाखवलं. "ते काय?"

"दगड हाये ना तिथं," तो म्हणाला. "नांगर मोडला असता."

"दगड हातभर आहे, तुळशीराम. तुम्ही सहा हात जागा सोडली."

तो तंबाखू मळत राहिला. मग खाली पाहूनच म्हणाला, "ट्रॅक्टरवाल्याले मी आधीच सांगतलं होतं, तिकडं आला का नांगर उचल मनून. दगडापाशी चुकला तो जरासा. पन अलीकडच्या जाग्याले लागला नाही. मी उभा होतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"काय सायब! धुरा सरकला हे ज्याचं वावर गेलं त्याले माहीत नसन काय? तीन साल सरकवला दौलतनं, दरसाल थोडा थोडा. मी पटवाऱ्याकडे जानारच होतो. अर्ज लिहून घेतला होता. त्याच हप्त्यात त्याची पोट्टी गेली, आन त्यानं नेमकं तिथंच पुरलं. माह्या जमिनीत." त्याने तंबाखू तोंडात टाकली नाही, तशीच मुठीत धरली. "मंग मी कायचा अर्ज देतो? धुरा मांगं घेतला असता तं पोट्टी कोनाच्या वावरात गेली असती?"

"पन्नास वर्षं बोलला नाहीत?"

"कोनाशी बोलू? आन सायब, वहिनीले सांगू नका, मले माहीत हाये मनून. ते बाई मान वर करून जगली. आता शेवटी शेवटी कायले?"

मी कबूल केलं. आणि खुंट्यांकडे गेलो, कारण तिथे गिरजाबाई बसलेली मला लांबून दिसली होती. ती सुतळीच्या चौकोनात बसली होती, पण पाठ करून. तोंड त्या काळ्या डागाकडे होतं, जो तिला दिसणं शक्य नव्हतं. मी जवळ गेलो तरी तिने मान वळवली नाही.

"सायब आले काय? बुटाचा आवाज वयखला मी."

मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. बायकोने घरून पाठ करून पाठवलेलं वाक्य होतं, ते म्हटलं. "मावशी, माझं चुकलं. तुमची जागा बरोबर होती."

"माहीत हाये."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"कशी बोलू? बोलली असती तं दगड सरकवला हे सांगा लागलं असतं. भाऊजी तिथं साखळी धरून उभे होते." तिने अजूनही मान वळवली नव्हती. "पोट्टीले वाचवू का तिच्या बापाले, असं झालं, सायब. पोट्टी तं गेलीच होती. मी बापाले वाचवलं. रोज येऊन तिची माफी मांगून राहिली मी. तिच्यावर नांगर फिरवला मी."

तुळशीरामला दिलेला शब्द माझ्या जिभेवर होता. मी शब्द मोडला नाही, पण जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं. "मावशी, तिथे नांगर फिरला नाही. दगड लागला म्हणून ट्रॅक्टरवाल्याने नांगर उचलला. दगडाच्या अलीकडची जागा जशीच्या तशी आहे. मी आत्ता पाहून आलो. एक काडीही उगवलेली नाही."

तिचा हात गाळावरून फिरत होता, तान्ह्याच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"खरं मनता?"

"खरं."

"दगडानं राखली मनजे," ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरून रडली. मीही तोंड फिरवलं. साठीला आलेल्या सरकारी माणसाने वावरात रडू नये.

मग मी उठलो आणि पहिली खुंटी हलवून सैल करू लागलो. तिला आवाज कळला.

"काय करून राहिले?"

"खुंट्या काढतो. तिकडे नेऊन लावतो, खऱ्या जागी. कागदही दुरुस्त करतो."

तिने चाचपडत माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. "नका. तिकडं लावसान तं लोक इचारतीन, सायबानं खुंट्या काहून हलवल्या? मंग तुमी काय सांगसान? भाऊजीले कळन. त्याईले काईच माहीत नाही बिचाऱ्याले."

लांबवर तुळशीराम आमच्याकडे पाठ करून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. दोघांच्या मधे निळी जवस वाऱ्याने हलत होती.

"राहू द्या इथंच," ती म्हणाली. "हल्ल्या असतीन तं नीट करा."

मी पिशवीतून हातोडी काढली. चारही खुंट्या एकेक करून खोल ठोकल्या, सुतळी ताणून बांधली आणि खुंट्यांच्या डोक्यावर खात्याचा लाल रंग दिला. चौतीस वर्षांत मी जाणूनबुजून चुकीच्या जागी ठोकलेल्या खुंट्या तेवढ्याच.